मुंबईत योगाचा क्लास निवडताना: आधी वेळ, मग शरीर, शैलीचं नाव शेवटी

हठयोग, अष्टांग, विन्यास, अय्यंगार, पॉवर योगा, यिन, एरियल. उपनगरातल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर यातल्या चार-पाच पाट्या सहज दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, आधी यांच्यातला फरक नीट समजून घ्यावा आणि मग क्लास शोधावा. त्या नादात महिनाभर व्हिडिओ पाहिले जातात आणि मॅट कपाटातच राहते. माझा सल्ला उलट क्रमाचा आहे. शैली ठरवायचीच, पण सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: घड्याळ आणि अंतर

क्लास घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असावा, किंवा स्टेशन आणि घर यांच्या वाटेवर असावा. डोंबिवलीहून किंवा विरारहून रोज फोर्टला जाणाऱ्या माणसाने वांद्र्याच्या नावाजलेल्या स्टुडिओचं पॅकेज घेतलं, तर ते पावसाळ्यापर्यंत टिकणं कठीण. शिक्षक कितीही चांगले असोत, मध्ये उतरून पुन्हा गाडीत शिरायचं बळ संध्याकाळी सातला उरत नाही.

ऑफिसजवळचा सकाळचा क्लास हा एक चांगला अपवाद. सहा-साडेसहाची गाडी त्यातल्या त्यात रिकामी असते, बसायला जागा मिळते. फक्त तिथे अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय आहे का, हे फी विचारण्याआधी विचारा. मुंबईच्या दमटपणात घामेजल्या अंगाने मीटिंगला बसणं कुणालाच झेपत नाही.

संध्याकाळची बॅच घेणार असाल तर पोटाचा हिशेब करावा लागतो. पूर्ण जेवणानंतर साडेतीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास मोकळे हवेत. साडेपाचला कँटीनमध्ये वडापाव आणि सातला सर्वांगासन, हे जमत नाही. साडेचारला केळं किंवा मूठभर चणे खाऊन भागतंय का, आठवडाभर करून पाहा. भागत नसेल तर सकाळची बॅच घ्या.

दुसरी पायरी: घरातल्या घरात शरीराची तपासणी

हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवा, एवढी जागा पुरते. मांडी घालून जमिनीवर बसा आणि हाताचा आधार न घेता उठून पाहा. गुडघे जमिनीपासून किती वर राहतात तेही पाहा. मग भिंतीला पाठ, डोकं आणि टाचा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सरळ वर नेऊन भिंतीला टेकवा. दिवसभर लॅपटॉपवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांचे हात अर्ध्यातच अडतात, किंवा कंबर भिंतीपासून सुटते. तिसरं, एका पायावर उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी. आणि शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं बसायचं. ही पाच मिनिटं शांत गेली की चिडचिड झाली, हे लिहून ठेवा. पुढे निवड करताना ही नोंद उपयोगी पडते.

दुखण्यांची यादीही याच वेळी करा. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, सरकलेली मणक्याची गादी, मानेचा स्पॉन्डिलोसिस, ठिसूळ हाडं, गुडघेदुखी, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग शिक्षकांना सांगा. कारण साधं आहे: काचबिंदू असताना शीर्षासनासारख्या उलट्या आसनांनी डोळ्यातला दाब वाढतो. मानेचा त्रास असताना हलासन मान जबरदस्तीने वाकवतं. रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपणात जोरकस कपालभाती करायची नसते. गादी सरकलेल्या माणसाने पाय सरळ ठेवून पुढे वाकणं टाळायचं असतं. ठिसूळ हाडांच्या बाबतीतही पाठ गोल करून वाकणं धोक्याचं.

तिसरी पायरी: घराणी ओळखा

मुंबईत जो योग शिकवला जातो, त्यातला बराचसा मोजक्या गुरूंकडून आलेला आहे. गाण्यातल्या घराण्यांसारखंच हे: राग तोच, पण कुणी आलाप लांबवतो, कुणी तानेवर जोर देतो.

पहिलं घराणं मवाळ वृत्तीचं. गुजरातेत मालसर इथे राहणारे परमहंस माधवदास हे त्याचं मूळ. त्यांच्या एका शिष्याने, म्हणजे श्री योगेंद्र यांनी, 1918 साली वर्सोव्याला 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. ती आज सांताक्रूझ पूर्वेला आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या संघटित योगकेंद्रांत तिची गणना होते. दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आसनं आणि क्रिया करताना शरीरात काय घडतं हे उपकरणांनी मोजायला त्यांनी त्या काळी सुरुवात केली आणि 'योगमीमांसा' हे संशोधनपर नियतकालिकही चालवलं. कैवल्यधामचं मुंबईतलं केंद्र मरीन ड्राइव्हवर आहे. या दोन्ही ठिकाणांहून शिकलेले शिक्षक शहरभर आहेत. त्यांच्या वर्गात आसन सावकाश होतं, ताण सोसेल इतकाच घेतात, मध्ये विश्रांती असते, श्वास, प्राणायाम आणि शुद्धिक्रियांना (नाक, पोट साफ करण्याच्या पद्धतींना) मान असतो. पहिल्या दिवशी 'एवढंच?' असं वाटतं. तरुणांना हे वर्ग कंटाळवाणे वाटतात हे खरं, पण चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी इकडेच पाठवेन.

दुसरं घराणं म्हैसूरचं. तिरुमलई कृष्णम्माचार्य 1930च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्याच्या आश्रयाने योगशाळा चालवत होते. तिथून दोन अगदी वेगळ्या वाटा फुटल्या. एक बी. के. एस. अय्यंगार यांची. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांनी खंगलेला हा मुलगा 1937 साली शिकवायला पुण्यात आला आणि तिथलाच झाला. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्याशी त्यांची भेट 1952 साली मुंबईत झाली, आणि त्यानंतर त्यांचं नाव युरोपात पोहोचलं. अय्यंगार पद्धतीत आसनाची ठेवण अचूक हवी असते. पाऊल किती अंशात वळवायचं, गुडघ्याची वाटी कशी उचलायची, खांदा कुठे न्यायचा, सगळं सांगतात. आसन बराच वेळ धरून ठेवायचं, आणि शरीर पोहोचत नसेल तिथे लाकडी वीट, पट्टा, लोड, घोंगडी, खुर्ची, भिंतीवरचे दोर मदतीला घ्यायचे. मुंबईत लोअर परळला या परंपरेचं 'अय्यंगार योगाश्रय' आहे. सुरुवातीला प्राणायाम फारसा नसतो, आधी उभ्याची आसनं पक्की करून घेतात. शिक्षक कडक असतात. 'डाव्या पायाची करंगळी झोपली आहे' असं ऐकावं लागेल, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

दुसरी वाट के. पट्टाभी जोइस यांची, म्हणजे अष्टांग विन्यास. इथे क्रम ठरलेला: सूर्यनमस्कार, मग उभ्याची आसनं, मग बैठी, मग उलटी. प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली. पहिली मालिका पूर्ण करायला दीड तासाच्या आसपास लागतो. म्हैसूर पद्धतीच्या वर्गात सगळे एकाच खोलीत, पण प्रत्येक जण आपापल्या गतीने करतो आणि शिक्षक फिरून पुढचं आसन देतात. परंपरेने आठवड्याचे सहा दिवस सराव आणि अमावस्या-पौर्णिमेला सुट्टी. मनगटं, खांदे आणि मांडीच्या मागचे स्नायू यांची कसोटी लागते. स्टुडिओंमध्ये 'विन्यास', 'फ्लो' किंवा 'पॉवर योगा' या नावाखाली जे असतं, ते बहुतेक याच कुळातलं, पण क्रम शिक्षकाच्या मर्जीचा. दर वेळी वेगळं असल्यामुळे मजा येते, आणि त्याच कारणाने नवशिक्याचं एकही आसन पक्कं होत नाही.

याखेरीज ऋषिकेशच्या शिवानंद परंपरेचे वर्ग आहेत. बारा मुख्य आसनं, आधी प्राणायाम, मध्ये मध्ये शवासन. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांच्या परंपरेतली पवनमुक्तासनाची मालिका आणि योगनिद्रा (पडून, सूचना ऐकत शरीर सैल सोडणं) तुम्हाला कुठल्याही वर्गात भेटेल. सांधे मोकळे करायला ती मालिका सगळ्यांनाच सोयीची पडली. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकच्या योग विद्या धामच्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक आणि ठाण्याच्या श्री अंबिका योग कुटीरचे निःशुल्क वर्ग यांची चौकशी जरूर करा. ज्येष्ठ नागरिक संघात विचारलंत तर पत्ता लगेच मिळेल.

सूर्यनमस्कार तर आपल्याकडे शाळेतच शिकवतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांचा घरोघरी प्रसार केला. आपण शाळेत घातलेल्या नमस्कारात गुडघे, छाती आणि कपाळ जमिनीला टेकतं. विन्यासाच्या वर्गात त्या जागी चतुरंग दंडासन येतं, म्हणजे अख्खं शरीर हात आणि चवड्यांवर जमिनीच्या जरा वर तोलून धरायचं. खांद्यांत ताकद नसताना हे पंचवीस-तीस वेळा केलं की खांदा दुखणारच. 'मला सूर्यनमस्कार येतात' असं सांगताना कुठले, तेही सांगा.

एरियलमध्ये कापडाच्या झोक्यावर लटकून आसनं करतात. गंमत म्हणून ठीक. यिन ही अमेरिकेत आकाराला आलेली पद्धत: जमिनीवरच्या एकेका स्थितीत तीन-पाच मिनिटं सैल पडून राहायचं. धावपटूंना आणि जिमला जाणाऱ्यांना पूरक म्हणून बरी. हॉट योगात चाळीस अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत व्यायाम करतात. मे महिन्यात मुंबईत त्यासाठी पैसे का द्यावेत, हे मला कळलेलं नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिकडे फिरकू नये.

चौथी पायरी: शरीर आणि शैली जुळवा

इथे एक गोष्ट हमखास उलटी होते. लवचीक माणूस लवचीकपणा मिरवता येईल तिथे जातो, ताकदवान माणूस घाम निघेल तिथे. लहानपणी भरतनाट्यम केलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात विन्यासाच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे असते, पण तिचे सांधे आधीच सैल असतात. तिला गरज असते ती सांधा आवळून धरायला शिकवणाऱ्या, आसनात थांबवणाऱ्या वर्गाची. अय्यंगार तिच्यासाठी उत्तम. उलट जिममध्ये कमावलेल्या अंगाच्या मुलाला पायाची बोटं धरता येत नाहीत. त्याने अष्टांगात शिरून हिसके देण्यापेक्षा काही महिने पट्टा-वीट घेऊन मांडीमागचे स्नायू मोकळे करावेत.

खुर्चीतल्या कामाने आखडलेली पाठ आणि मान असेल, तर अय्यंगार किंवा कैवल्यधामच्या धाटणीचा वर्ग. गुडघे दुखत असतील तर वज्रासन आणि पद्मासनाचा आग्रह नसलेला, खुर्चीवर बसू देणारा वर्ग. शैली कुठलीही चालेल. झोप लागत नाही, डोकं सतत चालू असतं, अशी तक्रार असेल तर प्राणायाम आणि योगनिद्रेला वेळ देणारा. पण घरी पाच मिनिटं नुसतं बसताना चिडचिड झाली असेल, तर थेट ध्यानाच्या वर्गात जाऊ नका. अशा माणसाला आधी अंग हलवायला लागतं, मग बसणं जमतं. त्याला विन्यास किंवा सूर्यनमस्काराचा सोपा वर्ग मानवतो. धडधाकट आहात, तिशीच्या आत आहात, शिस्त आवडते आणि रोज पहाटे उठायची तयारी आहे, तर अष्टांग खुशाल घ्या.

गरोदर स्त्रियांनी सर्वसाधारण बॅचला बसू नये. खास गर्भवतींसाठीचा वर्ग घ्यावा, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

पाचवी पायरी: ट्रायल क्लासमध्ये काय बघायचं

बहुतेक ठिकाणी एक ट्रायल क्लास मिळतो. दोन-तीन ठिकाणी जाऊन या आणि तिथे स्वतःपेक्षा शिक्षकाकडे जास्त लक्ष द्या.

वर्ग सुरू होण्याआधी त्यांनी तुम्हाला दुखण्यांबद्दल विचारलं का? हा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निकष. नुसता फॉर्म भरून घेतला आणि तो कुणी वाचलाच नाही, तर ते विचारणं नव्हे. तुम्ही 'गुडघा दुखतो' म्हणालात, तर तासाभरात एकदा तरी त्यांनी तुमच्यासाठी आसन बदलून द्यायला हवं.

शिक्षक कुठे उभे आहेत? स्वतःच्या मॅटवर पूर्ण तास आसनं करत राहणाऱ्याला मागच्या रांगेतलं काही दिसत नाही. दाखवून झाल्यावर फिरणारे सर किंवा मॅडम हवेत. सोसायटीच्या हॉलमध्ये बारा-पंधरा जण असतील तर एकट्या शिक्षकाची नजर पोहोचते, चाळीस असतील तर नाही. बागेतले मोफत वर्ग याच कारणाने नवशिक्याला पुरत नाहीत. शिवाजी पार्कात किंवा माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये सकाळी गटाने व्यायाम करताना छान वाटतं, सवय लागते, ओळखी होतात. पण चूक सुधारणारं कुणी नसतं. थोडं शिकून मग तिकडे जा.

हात लावून आसन सुधारण्याआधी विचारतात का, तेही बघा. 'नको' म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही. पाठीवर बसून किंवा जोर लावून वाकवणाऱ्याकडे तर नाहीच.

शवासनाला पाचेक मिनिटं तरी देतात का? पुढची बॅच दाराशी उभी असली की शवासनावरच कात्री चालते. मुंबईत तासाचा भाव चढा असल्याने हे फार ठिकाणी होतं.

आणि 'मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, तीन महिन्यांत सगळं जाईल' असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून बाहेर पडा.

शिक्षणाबद्दल विचारायला संकोच नको. 'दोनशे तासांचा कोर्स' ऐकायला मोठा वाटतो, पण तो महिन्याभरातही पूर्ण होतो. त्यामुळे त्यापुढे किती वर्षं शिकवताय, स्वतः कुणाकडे शिकताय, हे विचारा. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र, कैवल्यधामची पदविका, अय्यंगार परंपरेचं प्रमाणपत्र असेल तर चांगलंच. माझा कल मात्र अजूनही स्वतः कुणाकडे तरी नियमित शिकत असलेल्या शिक्षकाकडे असतो.

ऑनलाइन वर्ग कुणासाठी? प्रवासात असणाऱ्यांसाठी, लहान मूल घरी असलेल्यांसाठी. पण पहिला महिना-दोन महिने समोरासमोर शिकून मग ऑनलाइन जा. आणि फोन पुस्तकांना टेकवून समोर न ठेवता बाजूला, अख्खं शरीर दिसेल असा ठेवा. नाहीतर शिक्षकाला फक्त तुमचं कपाळ दिसतं.

सहावी पायरी: पैसे आणि सामान

वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही गोड असो. महिना, फार तर तीन महिने. गाड्या बंद पडल्याने बुडलेला वर्ग दुसऱ्या बॅचला भरून देतात का, हे जूनआधी विचारून ठेवा.

चार ते सहा मिलिमीटर जाडीची, न घसरणारी मॅट पुरे. फार जाड मॅटवर तोल जातो. पावसाळ्यात तिला कुबट वास येतो, म्हणून वर सुती चादर किंवा पातळ सतरंजी घाला, ती धुता येते. मॅट गुंडाळून कोपऱ्यात न ठेवता पंख्याखाली दोरीवर टाका. कपडे सुती आणि अंगाबरोबर हलणारे. बाकी काही विकत घ्यायची गरज नाही. वीट आणि पट्टा वर्गात असतो, घरी जाड पुस्तक आणि जुनी ओढणी चालते.

सातवी पायरी: सहा आठवड्यांनी हिशेब

आठवड्यातून तीन वेळा, सहा आठवडे. त्याआधी शैली बदलायची नाही. मग पहिल्या दिवशी केलेली तपासणी पुन्हा करा: जमिनीवरून उठणं, भिंतीला हात, एका पायावर उभं राहणं, पाच मिनिटं बसणं. दादरचा पूल चढताना धाप कमी लागते का, रात्री झोप कशी आहे, गाडीत तासभर उभं राहून कंबर तशीच धरते का, हेही बघा.

स्नायू दुखणं एक-दोन दिवसांत जातं, त्याची काळजी नको. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल, हाता-पायाला मुंग्या येत असतील किंवा दुखणं दर वर्गानंतर वाढत असेल, तर थांबा आणि शिक्षकांना सांगा. 'होतं असं सुरुवातीला' एवढंच उत्तर मिळालं, तर वर्ग बदला आणि डॉक्टरांना दाखवा.

फरक पडतोय पण जायचा कंटाळा येतोय, असं असेल तर बहुधा बॅचची वेळ चुकली आहे, शैली नव्हे. आधी वेळ बदलून पाहा. वर्गात मजा येते पण तपासणीत काहीच हललेलं नाही, तेव्हा शैली बदलायचा विचार करा.

बदललीत तर नव्या ठिकाणी नवशिक्यांच्या बॅचलाच बसा, आधी कितीही शिकलेले असा. एकाच नावाचं आसन दोन ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने करतात. अय्यंगार वर्गात सर्वांगासनासाठी खांद्याखाली घड्या घातलेल्या घोंगड्यांची चळत असते, डोकं तिच्या खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर दाब कमी येतो. इतर बऱ्याच वर्गांत तेच आसन सपाट मॅटवर करतात आणि हातांनी पाठीला आधार देतात. इकडून तिकडे गेलात तर पहिल्या दिवशी सर्वांगासन वगळून भिंतीला पाय लावून पडून राहा, आणि वर्ग संपल्यावर शिक्षकांकडून त्यांची पद्धत समजून घ्या.